तुटलेला मज्जातंतू आणि वाळणारा हात
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही काही डॉक्टर नव्हे. परंतु ज्या ज्ञातीचे पोट रंधा-पटाशीवर चालते, तिच्यापुढे हाताविषयी चार शब्द बोलणे अप्रस्तुत होणार नाही.

पटाशी निसटून मनगटातील मज्जातंतू तुटला, तर वरची जखम पंधरवड्यात भरते. परंतु पुढे काही आठवड्यांत अंगठ्याजवळचे मांस वाळू लागते. असे का व्हावे? मज्जातंतूचा संबंध सुटताच स्नायू आपलीच प्रथिने मोडू लागतो. या मोडतोडीस हातभार लावणारी दोन द्रव्ये शास्त्रज्ञांनी २००१ साली हुडकून काढली.

तोडलेल्या तंतूचा पुढील भाग नष्ट होतो, हे वॉलर या शास्त्रज्ञाने १८५० साली बेडकाच्या जिभेवरील प्रयोगांनी दाखविले. तंतू जोडला असता पुन्हा वाढतो खरा, पण दिवसाला सुमारे एक मिलिमीटर! काखेपासून तळहातापर्यंत पोहोचण्यास दीड-दोन वर्षे लागतात. स्नायू मात्र साधारण वर्ष-दीड वर्षापलीकडे वाट पाहत नाही. त्याच्या जागी चरबी आणि चिवट तंतू साचतात.

तोवर औषधाने स्नायू तगवून धरावा, हा विचार म्हणूनच मोलाचा आहे. क्लेनब्यूटेरॉल आणि पुरुषी संप्रेरके यांनी उंदरांतील झीज काही अंशी कमी झाल्याचे आढळले. तथापि मनुष्याच्या या व्याधीवर सर्वमान्य ठरलेले असे एकही औषध आजमितीस नाही. क्लेनब्यूटेरॉलने तर हृदयाची धडधड वाढते. तेव्हा ‘शक्तीची’ इंजेक्शने आणि टॉनिके यांवर घाम गाळून मिळविलेला पैसा कोणी उधळू नये.

मग करावे काय? जखम लहान दिसली तरी बोट बधिर झाले आहे काय, ते त्याच दिवशी पाहावे व डॉक्टरांस सांगावे. स्वच्छ कापलेला तंतू लवकर जोडणे हेच उत्तम. पुढे सांध्यांस रोज चलन द्यावे आणि बधिर बोटे चटक्यांपासून जपावीत. इतके करूनही हात न परतल्यास धडधाकट स्नायूचा कंडरा वळवून जोडता येतो. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांचे हात याच रीतीने कामास लावले.

शेवटी एक विनंती. जखमी कारागिरास मदत बिले तपासून महिन्यांनी न देता अपघाताच्या दिवशीच द्यावी. येथे गेलेला काळ कोणत्याही औषधाने भरून येत नाही.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.