आरोग्य-संशोधनातील सहभाग : विश्वास आणि संमती

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



विद्यापीठांतील आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधक समाजसंस्थांकडे एक विनंती घेऊन येतात. त्यांना देणगी नको असते, माणसे हवी असतात. मधुमेह, हृदयविकार, हाडांची झीज यांच्या अभ्यासात सहभागी होणारी माणसे. सभागृह द्यावे, सूचनाफलकावर निवेदन लावावे आणि शक्य झाल्यास अध्यक्षांनी दोन शब्द बोलावेत, एवढेच त्यांचे मागणे असते. पहिली दोन मागण्या निरुपद्रवी आहेत. तिसऱ्या मागणीविषयी मला आज बोलावयाचे आहे.

माणसे पुढे आली नाहीत तर ज्ञान निर्माणच होत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील साऊदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांसमवेत १९९३ साली पुण्याजवळील सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला. कार्यकर्त्या दरमहा घरोघरी जाऊन विवाहित स्त्रियांची माहिती घेत. सहा वर्षांची झालेली मुलेही मोठ्या संख्येने तपासणीस आली. इतका काळ टिकलेला विश्वास ही त्या अभ्यासाची खरी पुंजी होय. त्यातूनच कळले की, येथील नवजात बालक वजनाने सरासरी २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बालकापेक्षा बरेच हलके असले, तरी त्याच्या अंगात मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक असते. सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. हा विषय आपल्या घरातला आहे. हे जीवनसत्त्व निसर्गतः प्राणिजन्य आहारातून मिळते आणि आपल्या ताटात त्याचा आधार दूध-दह्यापुरताच असतो. आपण सहभागीच झालो नाही, तर इतरांच्या शरीरावरून काढलेल्या निष्कर्षांवर आपले औषधोपचार ठरतील.

परंतु विश्वासाची दुसरी बाजूही इतिहासात नोंदलेली आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे तेथील सरकारी आरोग्यसेवेने १९३२ साली सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांना एका अभ्यासात घेतले. त्यांतील ३९९ जणांना उपदंश झालेला होता. त्यांना आजाराचे खरे नाव सांगितले नाही. मोफत तपासणी, जेवण आणि अंत्यविधीचा खर्च यांचे आश्वासन मात्र दिले. पुढे पेनिसिलिन हे प्रस्थापित औषध ठरले, तरी ते त्यांना दिले गेले नाही. १९७२ पर्यंत हे चालले. ही माणसे आली कशी? त्यांच्याच परिसरातील शाळा, चर्च आणि त्यांच्या ओळखीची परिचारिका यांच्यावरील विश्वासाने आली. संस्थेचा शब्द किती जड असतो, हे विश्वस्तांनी येथे ध्यानी घ्यावे.

अध्यक्षांनी सभेत आवाहन केले की घरातील सून किंवा ट्रस्टच्या शिष्यवृत्तीवर शिकणारा विद्यार्थी ‘नाही’ म्हणू शकत नाही. अशी संमती कागदावर असते, मनात नसते. म्हणून निवेदन फलकावर असावे, व्यासपीठावरून आग्रह नसावा. आणि कोण गेले, कोण गेले नाही, याची यादी ट्रस्टने कधीही ठेवू नये. आपली कुटुंब-परिचय पुस्तिका तर संशोधकांच्या हाती मुळीच देऊ नये. ती सोयरिकीसाठी व सुखदुःखाच्या निरोपासाठी छापलेली असते, दूरध्वनी करून माणसे गोळा करण्यासाठी नव्हे.

ज्यांना जावेसे वाटते, त्यांनी अवश्य जावे. पण विचारून जावे. संशोधन म्हणजे उपचार नव्हे. औषधाच्या चाचणीत आपल्या वाट्याला औषधाऐवजी निष्प्रभ गोळीही येऊ शकते. माहितीपत्रक मराठीत मागावे, घरी आणून वाचावे आणि त्याची प्रत जवळ ठेवावी. नैतिकता समितीची मान्यता आहे का, हे विचारावे. औषधाची चाचणी असल्यास तिची नोंद भारतीय नोंदणीत झालेली असली पाहिजे. २००९ पासून ती सक्तीची आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता, बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत खंड पडता कामा नये.

आपल्या आचाराचे प्रश्नही संकोच न बाळगता विचारावेत. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असेल, तर ते प्राणिजन्य आहे. गोळी रात्री जेवणानंतर घ्यावयाची असेल, तर सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्याने काय करावे? पर्युषणातील उपवासात रक्त तपासले तर नेहमीपेक्षा निराळे आकडे येतील, हे संशोधकाला ठाऊक असेलच असे नाही. हे आधी सांगितले तर त्याच्याही कामाचे भले होते. न सांगता परस्पर गोळी टाळली, तर त्याचा निष्कर्षच बिघडतो.

विश्वस्त मंडळाला एक सूचना करतो. सभागृह देताना परवानगीच्या पत्रातच अट घालावी की, अभ्यास पूर्ण झाल्यावर संशोधकांनी याच सभागृहात येऊन आपले निष्कर्ष, ते अनुकूल असोत वा नसोत, मराठीतून सांगावेत.