एक वर्ष खानापूरसाठी

(मंडळाच्या गुणगौरव समारंभातील भाषणाचा मजकूर)



अशा प्रसंगी शाल-श्रीफळ द्यावे, चार गोड शब्द बोलून खाली बसावे, हा रिवाज. आज तो आम्ही थोडा मोडणार आहोत. पालकांनी राग मानू नये.

दरवर्षी निकाल लागला की पालक मंडळाच्या कार्यालयात पेढे घेऊन येतात. उठता उठता हळूच विचारतात, "ते सक्तीच्या वर्षाचे काही करता येईल का? कुणाची ओळख?" आम्ही ओळखी काढल्याही आहेत, हे आज कबूल केले पाहिजे. खानापूर तालुक्यात डॉक्टर नाहीत म्हणून सकाळी निवेदन द्यायचे आणि आपल्याच मुलाची सुटका व्हावी म्हणून संध्याकाळी फोन फिरवायचे, असा आमचा कारभार.

कर्नाटकाचा सक्तीच्या सेवेचा कायदा 2012 चा. तो 2015 पासून अमलात आला. पदवीनंतर एक वर्ष सरकारी सेवा, टाळल्यास 15 ते 30 लाखांचा दंड. विद्यार्थी कोर्टात गेले. 2019 साली उच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांच्या अशा अटी वैध ठरवल्या. पुढे 2023 मध्ये कर्नाटकाने दुरुस्ती केली. आता रिक्त जागा असतील तेवढ्यांनाच बोलावणे. म्हणजे ओळख काढायची गरजही फारशी उरली नाही!

पण गरज कुणाची उरली आहे? कणकुंबी, जांबोटीच्या पलीकडे भीमगडच्या रानातली आमगाव, गवळी, पास्तोलीसारखी गावे आठवा. पावसाळ्यात ओढे भरले की आजारी माणूस बांबूच्या डोलीतून खांद्यावर आणावा लागतो. डोंगराळ भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, हा सरकारी निकष. कागदावर तो पुरा झाला तरी चार-पाच मैल चिखल तुडवून आलेल्याला तिथे डॉक्टर भेटला पाहिजे ना? आणि भेटला तर त्याला आपले बोलणे कळले पाहिजे. म्हातारी सांगते, "घेरी येते, पोटात मुरडा पडतो, अंग मोडून आलंय." हे कुणीतरी तोडक्यामोडक्या कन्नडात डॉक्टरांना सांगायचे आणि गोळ्या कधी घ्यायच्या ते परत मराठीत म्हातारीला. एखाद्या लेकीला सगळ्यांदेखत न सांगण्यासारखे दुखणे असले तर ती गप्पच बसते. तिथे राबणाऱ्या कन्नड डॉक्टरांबद्दल आमची बिलकूल तक्रार नाही. तक्रार आपल्याबद्दल आहे. मराठी फलक, मराठी परिपत्रके यांसाठी आपण भांडतो आणि भांडलेच पाहिजे. पण मराठी बोलणारा डॉक्टर सरकारने कुठून आणायचा? तो तर आपल्याच घरात वाढतो.

मुलांचे म्हणणेही आम्ही ऐकले आहे. पुढच्या परीक्षेच्या अभ्यासाचे वर्ष जाते, राहायला धड खोली नसते, औषधे संपलेली असतात, शंका विचारायला वरिष्ठ नसतो आणि रुग्ण दगावला की जमाव अंगावर येतो. यातले काहीही खोटे नाही. शिवाय एक वर्ष फारच थोडे. गाव ओळखीचे होईपर्यंत डॉक्टर निघून जातो. म्हणून क्वार्टर्स, औषधसाठा आणि संरक्षण यांसाठीचे निवेदन कार्यकारिणीने तयार केले असून ते पुढील आठवड्यात जिल्हा प्रशासनाला देऊ.

आणि आमच्याकडून एवढे: जागा निवडताना जो खानापूर तालुका मागेल, त्याच्या राहण्या-जेवणाची सोय गावातली घरे करतील. बेळगावातल्या आपल्या ज्येष्ठ डॉक्टरांपैकी काहींनी रात्री-अपरात्री फोनवर सल्ला देण्याचे कबूल केले आहे. तसेच आजपासून मंडळ कुणाच्याही सुटकेसाठी शब्द टाकणार नाही, मग तो पदाधिकाऱ्याचा मुलगा का असेना.

नावे लिहायची वही दाराशी ठेवली आहे. चहा घेऊन जाताना पालकांनीही ती जरूर पाहावी.