हलका लॅपटॉप : गुण, दोष आणि विवेक

(थेरगाव येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पवनाकाठचे थेरगाव एकेकाळी शेतीवर जगणारे खेडे होते. आज एका अंगाला चिंचवडचे कारखाने आणि दुसऱ्या अंगाला हिंजवडीची संगणकनगरी असल्यामुळे येथे लॅपटॉपचे अप्रूप उरलेले नाही. परंतु आपणांपैकी अनेकजण मुळशी व मावळातील गावांहून आलेले आहात. तेथे शाळेसाठी अथवा ग्रामपंचायतीसाठी एक लॅपटॉप घेणे म्हणजे लोकांच्या पैशाचा विनियोग करणे होय. म्हणून स्वस्त आणि हलक्या लॅपटॉपचे गुणदोष आज तोलून पाहू.

उदाहरणादाखल जिओबुक घेऊ. जुलै २०२३ च्या अखेरीस त्याची नवी आवृत्ती जाहीर झाली, तेव्हा किंमत १६,४९९ रुपये होती. वजन ९९० ग्रॅम, पडदा ११.६ इंचांचा, मेमरी ४ जीबी आणि साठवण ६४ जीबी. ४जी सिमची सोय त्यातच असून बॅटरी आठ तासांपर्यंत चालते, असा कंपनीचा दावा आहे.

यातील गुण उघड आहेत. वाडीवस्तीवर जाणाऱ्या शिक्षकाच्या पिशवीत तो सहज मावतो. वीज गेली तरी काम थांबत नाही. युनिकोड मराठीत टिपण लिहिणे, पत्रव्यवहार करणे, मुलांना चित्रफीत दाखविणे, संकेतस्थळावर माहिती भरणे, एवढ्याला तो पुरतो.

दोषही तितकेच विचारात घ्यावयास हवेत. जमाखर्चाचा रुंद तक्ता छोट्या पडद्यावर वाचताना डोळे शिणतात. अनेक कामे एकाच वेळी उघडली की यंत्र मंदावते, आणि या वर्गातील बहुतेक यंत्रांत मेमरी पुढे वाढविता येत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याची कार्यप्रणाली अँड्रॉइडवर आधारलेली आहे. विंडोजसाठी तयार झालेले कार्यक्रम तीवर जसेच्या तसे चालत नाहीत.

ही बाब केवळ तांत्रिक नाही. ई-ग्रामस्वराज प्रणालीतून रक्कम अदा करण्यासाठी डिजिटल स्वाक्षरी लागते. ती साठविलेले छोटे उपकरण यंत्राने ओळखले नाही, तर निधी खात्यात असूनही गटाराचे वा पाणीपुरवठ्याचे देयक अडून राहते. मग खरेदीत वाचविलेले चार पैसे गावाला महाग पडतात.

आपल्याच राज्यातील एक अनुभव येथे आठवतो. २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, खैरात येथील छोट्या शाळेत ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा प्रयोग सुरू झाला. ते यंत्र मुलांची परिस्थिती ओळखून घडविलेले होते : भर उन्हात वाचता येणारा पडदा, धूळपाण्यापासून जपलेला कळफलक, वीज अगदी कमी. उद्दिष्ट १०० डॉलरचे होते. प्रत्यक्षात किंमत २०० डॉलरच्या जवळ गेली. मुलांच्या हातात शोभणारे ते यंत्र कचेरीच्या हिशोबासाठी मात्र कधीच नव्हते. यंत्राचे मोल त्याच्याकडून घ्यावयाच्या कामावरून ठरते, हा बोध त्यातून घ्यावा.

यास्तव माझी सूचना साधी आहे. किंमत विचारण्यापूर्वी आपल्या कामांची यादी करा. विक्रेत्याकडे जाताना स्वाक्षरीचे उपकरण आणि नेहमीचा एखादा तक्ता सोबत न्या, आणि तेथेच दोन्ही चालवून पाहा. दुरुस्तीचे केंद्र किती दूर आहे आणि हमी किती काळाची आहे, हे लेखी घ्या. फिरतीच्या व शिकविण्याच्या कामाला हलका लॅपटॉप उत्तम साथी आहे. ग्रामपंचायतीचा जमाखर्च ज्या एकाच यंत्रावर अवलंबून आहे, तेथे थोडे जड व महाग, परंतु सर्व कामे पेलणारे यंत्र घेणे हीच खरी काटकसर होय.