अभियंत्याचा शिक्का



अभियंता झालेल्या विद्यार्थ्यांची नावे प्रत्येक शाळा अभिमानाने घेते. मात्र पदवी निराळी आणि व्यवसायाचा परवाना निराळा, हे फारसे सांगितले जात नाही. तो भेद एका शाळेनेच जगाला शिकवला, आणि फार मोठी किंमत देऊन.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाचे गाव आहे. भोवतालच्या तेलविहिरींमुळे तेथील शाळा अतिशय संपन्न होती. तरीही काटकसरीसाठी 1937 च्या आरंभी तिने विकतचा गॅस बंद करून तेलविहिरींच्या टाकाऊ वायूच्या नळाला जोड घेतला. त्या वायूला वास नव्हता. गळती कोणाच्या ध्यानी आली नाही. इमारतीखालच्या पोकळीत वायू साचत गेला. 18 मार्चच्या दुपारी कार्यशाळेतील विजेच्या यंत्रातून ठिणगी उडाली आणि सुमारे तीनशे जीव गेले. त्यांत बहुतेक मुलेच होती. शाळेच्या प्रमुखाचा स्वतःचा मुलगाही होता. चौकशीत कोणा एका व्यक्तीवर दोष ठेवता आला नाही.

त्याच वर्षी टेक्सासने वायूत उग्र वास मिसळण्याची सक्ती केली, आणि अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदाही केला. वायोमिंग राज्यात असा कायदा 1907 पासूनच होता. आज तेथे पदवी, मूलतत्त्वांची परीक्षा, साधारणतः चार वर्षांचा अनुभव आणि व्यवसायाची परीक्षा असे टप्पे असतात. त्यानंतरच आराखड्यावर स्वतःच्या नावाचा शिक्का उमटवता येतो. परीक्षा कठीण खऱ्याच, पण खरे मोल या शिक्क्याचे. तो धारण करणारा पगार कोणाचाही घेवो, प्रथम बांधील असतो तो लोकांच्या सुरक्षिततेशी. 'एवढे पैसे वाचवा' म्हणणाऱ्याला त्याने नकार द्यायचा असतो. न दिल्यास परवाना गमावण्याची पाळी त्याच्यावर येते.

भारतात वकिलांसाठी 1961 चा आणि वास्तुविशारदांसाठी 1972 चा कायदा आहे. अभियंत्यांसाठी तसा देशव्यापी कायदा अद्याप नाही. अनेक महानगरपालिका संरचना अभियंत्यांना परवाने देतात, पण अटी शहरागणिक बदलतात.

शाळाप्रवेशाच्या वेळी पालक शुल्क विचारतात, निकाल विचारतात, बसची वेळही विचारतात. इमारतीच्या संरचना-प्रमाणपत्रावर सही कोणाची आणि ती कधीची, असे विचारणारा पालक मात्र विरळाच.