मिटवून टाका, असे म्हणण्यापूर्वी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



भंडारा जिल्ह्याच्या आठवणीत एक पराभव आहे. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. तेव्हा गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होते आणि जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात. राजधानी नागपूर. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर काही हजार मतांनी हरले. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. दुसरे मत कुणालाच न देता कुजवावे, म्हणजे राखीव जागा हाती येईल, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिला होता. ज्याने घटना लिहिली त्यानेच मत कुजवायला कसे सांगावे, म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला, असे आमच्याकडचे जुने लोक अजून सांगतात.

या पराभवाची चर्चा पुष्कळ झाली. मला आज बोलायचे आहे ते त्यानंतर काही महिन्यांनी घडलेल्या एका गोष्टीबद्दल. बाबासाहेब १९५२ पासून मुंबई राज्यातून राज्यसभेचे सदस्य होते. १६ सप्टेंबर १९५४ रोजी ते राज्यसभेत अस्पृश्यता गुन्हे विधेयकावर बोलले. घटनाकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, अर्थशास्त्रज्ञ म्हणूनही. पण गुन्हा कशाला म्हणावे, तो पोलिसांनी कसा हाताळावा, शिक्षा किती असावी, याचा बारकाईने विचार करणारा एक विरोधी बाकावरचा खासदार या भाषणात भेटतो. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पंधराव्या खंडात हे भाषण आहे. मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत, कायद्याची पदवी नाही. तरीही ते भाषण मला वाचता आले, कळले, कारण त्यातले गाव माझ्या ओळखीचे होते.

घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे आचरण हा गुन्हा ठरवला. पण गुन्हा म्हणायचे तर त्याची व्याख्या हवी, शिक्षा हवी, तपासाची रीत हवी. त्यासाठी हे विधेयक गृहमंत्री डॉ. कैलासनाथ काटजू यांनी आणले होते. बाबासाहेबांचा पहिला आक्षेप नावावरच होता. अस्पृश्यता गुन्हे असे नाव दिले की न्हाव्याने दाढी केली नाही, परिटाने कपडे धुतले नाहीत, मिठाईवाल्याने लाडू विकला नाही, असल्या किरकोळ तक्रारींचा हा कायदा आहे असे लोकांना वाटेल. हा प्रश्न नागरी हक्कांचा आहे, तेव्हा नावातच नागरी हक्कांचे संरक्षण असा शब्द हवा, असे त्यांचे म्हणणे होते.

कवी म्हणून मला हा मुद्दा विशेष वाटतो. एखाद्या गोष्टीला आपण काय नाव देतो, यावर तिचे वजन ठरते. विहिरीवरून हाकलणे याला 'कुरबूर' म्हटले की ठाण्यातला अंमलदारही ती कुरबूर म्हणूनच ऐकतो. हक्क हिरावला असे म्हटले की त्याला पेन उचलावे लागते.

दुसरा मुद्दा बहिष्काराचा. हक्क मागणाऱ्याला गाव दर वेळी मारत नाही. बहुतेक वेळा गाव त्याच्याशी बोलणे बंद करते. दुकान उधार देत नाही, चक्की दळण घेत नाही, रोवणीच्या दिवसांत कामाला कुणी बोलावत नाही. यात लाठी नाही, रक्त नाही, म्हणून पंचनामाही नाही. हे हत्यार बाबासाहेब फार पूर्वीपासून ओळखून होते. १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाचा जो मसुदा मांडला, त्यात बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी होती आणि तिच्यासाठी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला होता. राज्यसभेतही त्यांनी सभागृहाचे लक्ष याच हत्याराकडे वेधले.

तिसरा मुद्दा शिक्षेचा. शिक्षा सौम्य असावी, असा सरकारचा कल होता. बाबासाहेबांना तो पटला नाही. आणि चौथा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो तडजोडीचा. विधेयकातले गुन्हे दखलपात्र होते, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या हुकमाची वाट न पाहता तपास करता येत होता. पण ते आपसात मिटवण्याजोगेही होते. बाबासाहेबांनी याला हरकत घेतली. ज्याची मजुरी, ज्याचे घर, ज्याचे पाणी समोरच्याच्या हाती आहे, त्याला तडजोडीला उभे करणे म्हणजे त्याची तक्रार काढून घेणे होय.

श्रोतेहो, हे चार मुद्दे पुढे कुठे पोचले ते पाहण्यासारखे आहे. कायदा १९५५ साली झाला आणि त्याच वर्षी १ जूनला अमलात आला. नाव जुनेच राहिले. शिक्षा फार तर सहा महिने कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तडजोडीची वाटही मोकळी राहिली. १९५६ साली बाबासाहेब गेले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९७६ साली, संसदेने या कायद्यात मोठी दुरुस्ती केली. कायद्याचे नाव झाले नागरी हक्क संरक्षण अधिनियम. किमान एक महिन्याची कैद आली. तडजोडीची वाट बंद झाली. तपासात जाणूनबुजून हयगय करणारा सरकारी नोकर गुन्ह्याला साथ देणारा समजला जाऊ लागला. १९५४ साली सभागृहाने जे ऐकून घेतले होते, ते १९७६ साली कायद्याच्या पुस्तकात उतरले. मधल्या काळात किती माणसांनी तडजोडीच्या कागदावर अंगठे उठवले असतील, याचा विचार मनात येतो.

मी नाकाडोंगरीचा. तुमसर तालुक्यातला हा भाग. एकीकडे जंगल, एकीकडे डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणी, पलीकडे मध्य प्रदेशाची हद्द. आमच्याकडे भांडण झाले की पहिला शब्द येतो, 'मिटवून टाका'. हा शब्द वाईट नाही. बांधावरून, गुराढोरांवरून झालेले भांडण कोर्टात नेऊन दोन्ही घरे बुडालेली मी पाहिली आहेत. १५ ऑगस्ट २००७ पासून गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तिनेही अनेक गावांत चांगले काम केले. कायद्याने जे तंटे आपसात मिटवता येतात ते गावातच मिटवावेत, असा तिचा हेतू होता. अडचण येते ती तंटा आणि अन्याय यांतला फरक पुसला जातो तेव्हा.

काही वर्षांपूर्वी आमच्या पंचक्रोशीतल्या एका गावात असेच झाले. एका दलित कुटुंबाने शेताकडे जाणारा जुना रस्ता मागितला. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे दळण बंद, रोवणीचे काम बंद. मला निरोप आला, 'तुम्ही ना इकडचे ना तिकडचे, चार शब्द सांगा आणि मिटवून टाका.' मुसलमान माणसाला आमच्याकडे असा मान कधी कधी मिळतो. मी गेलो. बैठक सुरू होती. पुढारी खाटेवर होते, कुटुंब खाली जमिनीवर. त्या घरची बाई मला म्हणाली, "भाऊ, आमाले खाली बसवून हे खाटीवरून मिटवतेत. याले मिटवनं म्हनते का?"

मी तिच्याशेजारी खाली बसलो आणि तिची तक्रार लिहून दिली. ती ठाण्यात गेली. पंधरा दिवसांत चक्की सुरू झाली. खटला मात्र रेंगाळला, दोन साक्षीदार फिरले. तरी रस्ता त्या कुटुंबाने सोडला नाही. आज त्यांची बैलगाडी तिथून जाते. चार शब्दांनी हे झाले नसते, कायद्याच्या एका कागदाने झाले, आणि तेही अर्धेच.

कायदा असून तो उचलला गेला नाही तर काय होते, हे आपल्या जिल्ह्याला सांगण्याची गरज नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा २५ वर्षांच्या कैदेत बदलली. पण १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा या खटल्यात टिकला नाही. हत्या सिद्ध झाली, जातीमुळे झाली हे कायद्याच्या भाषेत सिद्ध झाले नाही. नावाचे महत्त्व काय, हा बाबासाहेबांचा पहिला मुद्दा इथे पुन्हा आठवतो.

या कायद्याचा गैरवापर होतो, असेही म्हटले जाते. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये अटकेपूर्वी चौकशीची अट घातली. त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती करून ती काढली आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. खोटी तक्रार कोणत्याही कायद्याखाली होऊ शकते. तिच्यावर उपाय तपास हा आहे, तक्रारच न घेणे हा नव्हे.

बहिष्कार एकाच समाजाच्या वाट्याला येतो असेही नाही. आमच्यातही जमातीबाहेर काढण्याची धमकी दिली जाते. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तो निकाल बरोबर होता का, हा प्रश्न २०२३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या माणसांच्या कहाण्या तर कोकणापासून विदर्भापर्यंत सगळीकडे आहेत. त्यातूनच महाराष्ट्र विधिमंडळाने १३ एप्रिल २०१६ रोजी, बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीच्या आदल्या दिवशी, सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा मंजूर केला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. जुलै २०१७ पासून तो अमलात आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. तक्रार पोलिसांकडे करता येते, थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडेही करता येते. गोलमेज परिषदेतली मागणी आणि हा कायदा यांच्यामध्ये ८६ वर्षे आहेत.

आपण ऐकणाऱ्यांनी यातून काय घ्यावे? मला तीन साध्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. फिर्याद दिली की तिची प्रत फिर्यादीला विनाशुल्क मिळते, ती मागून घ्यावी. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते आणि तिची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. ती होते का, हे विचारण्याचा अधिकार तुम्हाआम्हाला आहे. तिसरी गोष्ट साक्षीदाराची. खटला बहुधा पोलीस ठाण्यात हरत नाही, तो साक्षीदाराच्या ओसरीवर हरतो. जे पाहिले ते सांगणाऱ्या माणसाच्या घरी त्या दिवसांत चहाला जाणे, त्याचे दळण आपल्या दळणाबरोबर नेणे, हीसुद्धा कायद्याची अंमलबजावणीच आहे.

विधिमंडळात आणि संसदेत पाठवलेल्या प्रतिनिधीचा हिशेब आपण रस्ते आणि सभामंडपांवर करतो. तो जरूर करावा. पण त्याने कोणत्या कायद्यावर काय म्हटले, कुणाच्या बाजूने दुरुस्ती सुचवली, हेही विचारावे. भंडाऱ्यात हरलेल्या त्या उमेदवाराने राज्यसभेत जे मांडले, त्याचा लाभ त्याला मत न देणाऱ्यांच्या नातवंडांनाही मिळाला आहे. आणि यापुढे कुणी 'मिटवून टाका' म्हणाले, तर आधी एवढे पाहावे, की खाटेवर कोण बसले आहे आणि जमिनीवर कोण.