तांबड्या पाण्याचे नामकरण



२०२० च्या जून महिन्यात आपल्या वऱ्हाडातल्या लोणार सरोवराचे हिरवट पाणी एकाएकी गुलाबी झाले. नाना तर्क निघाले. जाणकारांनी एका शैवलाचे नाव घेतले : ड्युनालिएला. आज त्या शैवलाची आणि त्याच्या नावाची हकीकत सांगावयाची आहे.

ड्युनालिएला ही एकपेशीय शैवलांची प्रजाती. एकेक जीव मिलीमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा. अंगी वनस्पतीचे हरितद्रव्य; परंतु पुढच्या टोकाला चाबकाच्या वादीसारख्या दोन कशाभिका असतात, आणि त्या हलवीत तो खुशाल पोहतो. कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांना पाणी सुटते, हे आपल्या घरी लोणचे घालताना दिसतेच. मग मिठागरात हा नाजूक जीव सुकून का जात नाही? तो आपल्या पेशीत ग्लिसरीन तयार करतो आणि बाहेरच्या मिठाशी तोल साधतो. कडक उन्हापासून रक्षणासाठी गाजराला रंग देणारे कॅरोटीन तो साठवितो व तांबडा दिसू लागतो.

फ्रान्समधील माँपेलियेजवळच्या मिठागरांतले तांबडे पाणी हे असेच एक कोडे होते. कोणी त्याचे कारण पाण्यातल्या झिंग्यासारख्या बारीक प्राण्यात शोधीत. मिशेल फेलिक्स ड्युनाल या वनस्पतिशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शक लावून १८३८ साली सांगितले, की हा रंग सूक्ष्म वनस्पतींचा आहे. हा ड्युनाल आपल्याला अगदीच परका नव्हे. वांगी-बटाट्यांच्या प्रजातीवर त्याने ग्रंथ लिहिला; आणि आपल्या अश्वगंधेचे 'विथानिया सोम्निफेरा' हे आज चालणारे शास्त्रीय नावही त्याच्याच हातून सिद्ध झाले.

परंतु आपल्या तांबड्या जीवाला त्याने दुसऱ्याच एका प्रजातीत बसविले होते. रुमानियाच्या तेओदोरेस्कू यांनी खाऱ्या सरोवरातील हे जीव तपासले. त्यांना ताठ पेशीभित्ती नाही, हे पाहिले आणि १९०५ साली स्वतंत्र प्रजाती स्थापली. तिला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही. सदुसष्ट वर्षांपूर्वी पाहणाऱ्या ड्युनालचे दिले. ड्युनालने योजलेले 'मिठातली' या अर्थाचे 'सलायना' हे विशेषणही त्यांनी राखले. प्रजाती चुकली म्हणून पाहणाऱ्याचे श्रेय बुडत नाही, हा शास्त्रातला सुंदर रिवाज आहे.

आता पुन्हा लोणार. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. प्रारंभी तेथील संशोधकांचाही संशय ड्युनालिएलावरच होता. तपासणीत मात्र गुन्हेगार निराळाच निघाला : हॅलोआर्किया. हे मिठात वाढणारे सूक्ष्म जीव; शैवले नव्हेत आणि जिवाणूही नव्हेत. नमुना स्थिर ठेवताच रंगीत जीव तळाशी बसले व वरचे पाणी निवळले! मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे हाच निष्कर्ष गेला.

मित्रहो, दोन्ही पाणी तांबडेच. पण एकाचे नाव दुसऱ्याला चालले नाही. नाव चुकले की कारण चुकते, आणि कारण चुकले की उपायही चुकतो. गावच्या तळ्याचा रंग बदलला, तर त्याला चमत्कार किंवा विष म्हणण्याआधी थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरावे. तो आज आपल्या शाळा-महाविद्यालयांतून आहे. त्याच्यावरची धूळ झटकण्याचे काम तेवढे आपले आहे.