आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

(गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



साच्यावर धागा तुटला तर आपण काय करतो? कुठे तुटला ते आधी पाहतो. शेजारच्या साच्याला शिव्या घालून आपला धागा जोडला जात नाही. ही साधी गोष्ट आपल्याला कळते, पण राज्य करणारे ती पुष्कळदा मुद्दाम विसरतात. महागाई भडकली, कामधंदा बसला, लोक जाब विचारू लागले, की त्यांचे बोट समुद्रापलीकडे जाते. म्हणे, "तो पाहा शत्रू!" आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आम्ही हे हवेत बोलत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिना देशाची हकीकत ऐका.

१९७६ सालच्या मार्चमध्ये तिथे लष्कराने सत्ता बळकावली. संप बेकायदा ठरले, युनियनचे पुढारी उचलले गेले. माणसे घरातून नेली ती परत आलीच नाहीत. पुढे १९८४ साली सरकारी आयोगानेच अशा सुमारे नऊ हजार बेपत्तांची नोंद केली. परदेशी मालाला दारे उघडली आणि देशी कारखाने बसले. त्यात कापडाचे कारखानेही होते. १९८१ साली तर किमती वर्षभरात दुपटीच्या वर गेल्या. पगार मात्र होता तिथेच!

अखेर ३० मार्च १९८२ रोजी कामगार रस्त्यावर आले. मागणी काय? शांतता, भाकरी आणि काम. राजधानी ब्यूनोस आयर्समधल्या मे चौकाकडे मोर्चे निघाले. त्यांच्यावर लाठ्या पडल्या, अश्रुधूर सुटला, शेकड्यांनी अटक झाली. मेंडोझा शहरात गोळी चालली.

आणि तीनच दिवसांनी, २ एप्रिलला, लष्करप्रमुख गाल्तिएरी यांच्या सरकारने फॉकलंड बेटांवर फौज उतरवली! अर्जेंटिनात या बेटांना माल्विनास म्हणतात. १८३३ पासून ती इंग्रजांच्या ताब्यात. स्वारीचा बेत आधीपासून शिजत होता, हे खरे. पण कामगारांच्या असंतोषाने राज्यकर्त्यांची घाई वाढवली, हेही तितकेच खरे. ज्या चौकात लाठ्या खाल्ल्या, त्याच चौकात आता जयजयकार घुमला. बेटांवरच्या नव्या राज्यपालाच्या शपथविधीला कामगार पुढाऱ्यांनाही विमानात बसवून नेले. भाकरीचे काय झाले? ते विचारणारा देशद्रोही!

लढायला कोण गेले? सरदारांची पोरे नव्हे. सक्तीच्या भरतीतली अठरा-एकोणीस वर्षांची गरिबांची पोरे गेली. उत्तरेच्या उष्ण मुलखातली कित्येक पोरे अपुऱ्या कपड्यांत, अर्धपोटी, त्या गोठवणाऱ्या चिखलात बसली. भुकेने अन्न चोरले म्हणून काहींना त्यांच्याच अधिकाऱ्यांनी हातपाय ताणून जमिनीला बांधून ठेवले. सांगा बरे, त्यांचा शत्रू कोण होता?

१४ जूनला फौज शरण गेली. अर्जेंटिनाची ६४९ माणसे गेली, इंग्रजांची २५५. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात लोक संतापाने जमले, आणि पुन्हा अश्रुधूर! गाल्तिएरींची गादी त्याच आठवड्यात गेली. १९८३ च्या ऑक्टोबरात निवडणूक झाली आणि लष्करी राजवट संपली. पण महागाई होती तशीच उरली, आणि गेलेली पोरे काही परत आली नाहीत.

कोणी म्हणेल, हरले म्हणून असे झाले. मग जिंकलेल्यांकडे पाहा. १९८२ च्या आरंभी इंग्लंडात तीस लाखांवर माणसे बेकार होती. पंतप्रधान थॅचरबाईंवर लोक नाराज होते. लढाई जिंकली, वारे फिरले आणि १९८३ ची निवडणूक त्यांनी मोठ्या बहुमताने जिंकली. विरोधक फुटलेले होते, त्याचाही हातभार लागलाच. पण १९८४ साली कोळसा खाणकामगार संपावर गेले तेव्हा बाई काय म्हणाल्या? बाहेरच्या शत्रूशी लढलो, आता आतल्या शत्रूपासून सावध राहायला हवे! म्हणजे कालपर्यंत शत्रू समुद्रापलीकडे होता, आज तो खाणीत राबणारा कामगार झाला. वर्षभर लढून त्या कामगारांना हार खावी लागली.

बंधूंनो, बेटांवर हक्क कुणाचा, हा वाद खोटा नव्हता. अर्जेंटिनाच्या कामगारालाही ती बेटे आपलीच वाटत होती. यातच सारी मेख आहे! निव्वळ खोट्यावर लोक भुलत नाहीत. खऱ्या भावनेचाच पडदा करतात आणि त्याच्या आड भाकरीचा प्रश्न लपवतात. देशावर प्रेम करायला आम्हांला कुणी शिकवायला नको. पण देश म्हणजे गादीवर बसलेला माणूस नव्हे.

म्हणून कुणी शत्रूचे नाव घेऊन गर्जना करू लागला, की टाळी वाजवण्याआधी विचारा : कालपर्यंत आम्ही काय मागत होतो? त्याचे उत्तर मिळाले का? आणि या लढाईत कुणाची पोरे जाणार? उत्तर मिळेपर्यंत मागणी सोडू नका, एकजूट मोडू नका.

कामगार एकजुटीचा विजय असो!